पोटाची बायपास होऊन पाच वर्षं झाली, आता खाल्ल्यावर दोन तासांनी हातपाय कापतात. कुणाला होतं का?

कर्वेनगरची_मी
बायपास म्हणजे हृदयाची नाही हं, वजनाची. ११८ ची ७२ झाले, शुगरची गोळी सुटली, सिंहगडही चढून आले, तक्रार काहीच नव्हती. पण गेल्या गणपतीपासून नवीनच सुरू झालंय. दोन उकडीचे मोदक खाल्ले आणि दीड-दोन तासांनी दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधारी, आणि परत वखवखून भूक. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तेव्हापण तेच. शिवाय गॅस इतका की ऑफिसात लाज वाटते. फॅमिली डॉक्टर म्हणाले गॅसच डोक्यात चढलाय, ओवा खा. इतक्या वर्षांनी असं होतं का?

पेठेतला_बारीक
ताई ओवा राहूदे, हे लेट डंपिंग वाटतंय. मला दीड वर्षानंतर सुरू झालं, उशिराच येतं ते. आपलं पोट आता अंड्याएवढं, ते थेट आतड्याला जोडलेलं, त्यामुळे गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की भसकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर एकदम वर जाते, मग इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर गडगडते, एक ते तीन तासांनी. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुरडा, जुलाब, झोपावंसं वाटणं हे वेगळं, ते अर्ली डंपिंग. साबुदाणा उपासाचा असला तरी नुसता स्टार्चच, त्याने घात होणारच. मी आता आधी उसळ नाहीतर अंडं खातो, भात शेवटी दोन घास, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. अमृततुल्यचा चहा सुटला, त्याचं दुःख वेगळं. ग्लुकोमीटर घ्या आणि त्रास चालू असतानाच बोट टोचा, उपाशीपोटीचा रिपोर्ट काहीच सांगत नाही. आणि सर्जनला दाखवा, यावर गोळ्या आहेत.

स्लीव्हवाली_औंध
माझी स्लीव्ह आहे, म्हणजे वजनासाठीच पोट कापून नळीसारखं अरुंद करतात ते ऑपरेशन, तिचं रडगाणं निराळं. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी, दोन उशा घेऊन झोपते. आणि पहिल्याच वर्षी पित्ताशयात खडे झाले, वजन भराभर उतरलं की होतात म्हणे. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करून घे गं. गॅसचं म्हणशील तर मला दुधाने होतो, दही चालतं.

भाऊ_माझा_पेशंट
घाबरवत नाही पण सांगतो. भावाला बायपासनंतर तीन वर्षांनी जेवलं की बेंबीपाशी पिळवटून दुखायचं, तासाभराने आपोआप थांबायचं. सगळे म्हणाले गॅस. सोनोग्राफी नॉर्मल. एका रात्री थांबेचना, उलट्या, तेव्हा सीटी केला तर आतडं आतल्या फटीत सरकून अडकलेलं, इंटर्नल हर्निया. आतली चरबी झडली की त्या फटी मोठ्या होतात असं डॉक्टर म्हणाले. रातोरात ऑपरेशन. तेव्हा असं दुखलं तर ओवा-हिंग करत बसू नका, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य 'बायपास झालीये' हेच बोला, नाहीतर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात.

कर्वेनगरची_मी
बापरे. नाही, पिळवटून नाही दुखत. काल मुद्दाम एक पुरणपोळी खाऊन मीटर लावला (हे ओरडत होते, पण घरातच होते म्हणून केलं). दोन तासांनी ५२! सोमवारी सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीये. तोवर असं झालं तर काय करायचं?

पेठेतला_बारीक
५२ म्हणजे फारच कमी की. असे प्रयोग नकोत परत. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यातून, आणि मिनिटं पंधरा थांबून परत मोजा, सावरलं की लगेच शेंगदाणे किंवा पनीर, नाहीतर परत तेच चक्र. आणि हातपाय कापत असताना गाडी चालवू नका, कर्वे रोडवर तर नकोच.

कर्वेनगरची_मी
बरं. अजून एक, गुडघ्यासाठी अधूनमधून कॉम्बिफ्लाम घेते, ते चालतं ना?

स्लीव्हवाली_औंध
अगं नाही!! त्यात आयब्युप्रोफेन असतं, बायपासच्या जोडावर अल्सर होतो त्याने. आजच डब्यातून काढ आणि सोमवारी किती घेतल्यास तेही सांग त्यांना.