आरशापेक्षा माणसं बरी

इंग्रजीतून बोलायची भीती घालवायला आरशासमोर सराव करा, असं बरेच जण सुचवतात. ठीक, पण आरसा कधी जांभई देत नाही! त्यापेक्षा टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्या क्लबच्या, एखाद्या सभेला पाहुणे म्हणून जाऊन बसा. १९२४ पासून चालत आलेली पद्धत आहे. 'टेबल टॉपिक्स'मध्ये विषय ऐनवेळी मिळतो, एक-दोन मिनिटं बोलायचं. एक जण वेळेसाठी हिरवी, पिवळी, लाल खूण दाखवतो, दुसरा तुमचे 'अं' आणि 'सो' मोजत बसतो. शेवटी आकडा जाहीर झाला की कान लाल होतात खरे. पण मग 'अं'च्या जागी क्षणभर गप्प राहायची सवय लागते, आणि ऐकणाऱ्याला ते अडखळणं वाटतही नाही. व्याकरण घरी बघा. सभेत बोलताना मध्येच कुणी टोकत नाही, आणि पाहुण्यांवर बोलायची सक्तीही नसते.