मल्याळम सिनेमे बघतेय पण अर्धं निसटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, केरळात राहिलेलं किंवा मल्याळम येणारं कुणी आहे का इथे?

मागच्या आठवड्यात आईसोबत 'द ग्रेट इंडियन किचन' (2021) बघितला. सासरा म्हणतो भात चुलीवरचाच हवा, चटणी मिक्सरमधली नको, आणि पुरुष जेवून उठले की ताटाबाहेर शेवग्याच्या चोथ्याचा ढीग, तो बघून आई एकदम गप्प झाली, मग म्हणाली आमच्याकडे पण पाट्यावरचंच लागायचं. एवढं कळायला भाषा लागली नाही. पण नंतर शबरीमलाचं (केरळातलं अय्यप्पाचं देऊळ) व्रत येतं, माळ घालतात, तिथे सगळ्या वयाच्या बायकांना प्रवेश देणाऱ्या 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा वाद मागे चालू असतो, तिथे मला सारखं पॉज करून गुगल करावं लागलं.

तसंच 'ई.मा.याउ.' या सिनेमातलं, कोचीजवळच्या चेल्लानमच्या किनाऱ्यावरचं ख्रिश्चन कोळ्यांचं घर, मयताची तयारी, पाऊस, सगळं भिडलं, पण तिथली बोली वेगळी आहे म्हणतात आणि सबटायटलमध्ये सगळे एकसारखंच बोलतात हो! कोचीचा माणूस, डोंगराळ इडुक्कीचा माणूस, उत्तर केरळातल्या मलबारचा मुसलमान, यांच्या बोलण्यातला फरक कानाला कसा ओळखायचा?

आणि जुन्यात 'चेम्मीन' (1965) पासून सुरुवात करू का? नवरा समुद्रात असताना बायकोने पावित्र्य पाळायचं ही त्यातली समजूत आपल्या कोकणातल्या कोळ्यांत पण आहे का, कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा, आईलाही वाचून दाखवायचंय.