मदत हवी आहे: माणूस मनापासून बदलायला कशाने तयार होतो?

दादाची सिगारेट सुटावी म्हणून घरातले सगळे मागे लागलोय. डॉक्टरांनी बजावलं, वहिनी रडली, मी भांडून पाहिलं. तो "हो हो, सोडतो" म्हणतो आणि खिसा चाचपत गच्चीवर जातो. भीती दाखवून काही होणार नाही, एवढं कळून चुकलंय.

थोडं वाचलं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्याच अभ्यासातून बदलाचे टप्पे मांडले. दादा बहुतेक 'विचार आहे, पण आज नको' या टप्प्यावर अडकलाय. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं मला त्याहून जास्त पटलं: समोरच्याला जितकं पटवायला जावं, तितका तो सवयीची बाजू घेतो, सोडायची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. आमच्याकडे अगदी हेच होतं! पण ती कारणं बाहेर काढायची कशी? मी तोंड उघडलं की त्याला उपदेशच वाटतो.

ज्यांनी व्यसन किंवा एखादी जुनी सवय खरोखर सोडलीय, त्यांना विचारायचंय: नेमकं काय लागलं मनाला? घरच्यांचं कोणतं वागणं उपयोगी पडलं, कोणतं डोक्यात गेलं? 'इच्छाशक्ती हवी' एवढंच कृपया सांगू नका, ते तो रोज ऐकतोय.