'रब्बी' म्हणजे 'धर्मगुरू' नव्हे : मराठीत हा शब्द कसा वापरावा?

पोथीवाचक (धागालेखक)

मराठी वृत्तपत्रांत आणि अनुवादित पुस्तकांत 'रब्बी' या शब्दाच्या जागी 'ज्यू धर्मगुरू' असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हा तेथे मारले गेलेले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग यांचा उल्लेखही मी असाच वाचल्याचे आठवते. हे भाषांतर केवळ ढोबळ नसून दिशाभूल करणारे आहे, असे माझे मत आहे.

हिब्रूत 'रव' म्हणजे मोठा, श्रेष्ठ. 'रब्बी' म्हणजे 'माझे गुरुवर्य' किंवा 'माझे स्वामी'. मुळात हे शिष्याने समोर बसलेल्या शिक्षकाला केलेले संबोधन आहे. हिब्रू बायबलात ही पदवी कोणालाही लावलेली नाही. मोशेला 'मोशे रब्बेनू', म्हणजे 'आमचे गुरू मोशे', म्हणू लागले ते नंतरच्या काळात. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तेथील बळी व नैवेद्य थांबले. मंदिरातील विधी करणारे पुरोहित म्हणजे कोहेन, आणि ते मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशात जन्मावे लागत. रब्बी मात्र चांभाराचा किंवा लोहाराचा मुलगाही होऊ शकत असे, कारण त्याचा अधिकार जन्मातून नव्हे, अध्ययनातून येत होता. मंदिर गेल्यावर समाजाची धुरा या अध्ययन करणाऱ्यांकडे आली. पुरोहिताकडून पंडिताकडे झालेले हे स्थित्यंतर 'धर्मगुरू' या एका शब्दाने पुसले जाते.

प्रार्थनेचेच पाहा. परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, रब्बी लागत नाही. प्रार्थना म्हणून घेतो तो हजान. रब्बीला अधिकार देताना वापरले जाणारे पारंपरिक शब्द आहेत 'योरे योरे, यादीन यादीन' : याने निर्णय सांगावा काय? सांगावा. याने न्याय करावा काय? करावा. यात पूजा, दीक्षा, आशीर्वाद यांचा मागमूस नाही. मांस किती वेळ मिठात ठेवावे, दुधाचा थेंब मटणाच्या भांड्यात पडला तर काय करावे, घटस्फोटाच्या लेखात नाव चुकले तर तो लेख ग्राह्य धरावा की नाही, अशा प्रश्नांचा निकाल देणारा हा माणूस आहे. आपल्याकडे त्याला धर्मशास्त्र जाणणारा 'शास्त्री' म्हटले असते. म्हणून 'रब्बी' हाच शब्द ठेवावा आणि खुलासा करायचाच असेल तर 'ज्यू धर्मशास्त्री' असा करावा.

(मराठी वाचकाला 'रब्बी' म्हटल्यावर आधी ज्वारी आणि हरभरा आठवतो, हे मला मान्य आहे. हंगामाचा 'रब्बी' वसंत ऋतूसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला असून त्याचे मूळ वेगळे आहे. 'रब' हा ईश्वरवाचक अरबी शब्द मात्र हिब्रू 'रव'चा सख्खा भाऊ आहे.)

उपसंपादक

धागालेखकांची व्युत्पत्ती बिनचूक आहे, परंतु शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत नसतो, वापरात असतो. 'महाराज' या शब्दाचा मूळ अर्थ राजा. आज तो कीर्तनकाराला लावतात, मठाधिपतीला लावतात आणि लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यालाही लावतात. त्यातील कोणी राज्याभिषेक करून घेतलेला नसतो.

आजचा अमेरिकेतील रब्बी काय करतो, ते पाहावे. तो शनिवारी प्रवचन देतो, लग्ने लावतो, दफनाच्या वेळी चार शब्द बोलतो, रुग्णांना भेटतो आणि प्रार्थनालयाकडून पगार घेतो. शेजारच्या चर्चमधील पाळक जे करतो, त्याहून हे फार वेगळे नाही. हसिदी पंथांतील 'रेबे' तर शब्दाच्या पूर्ण अर्थाने गुरू आहे. अठराव्या शतकात पूर्व युरोपात उभ्या राहिलेल्या या पंथांत अनुयायी रेबेकडे चिठ्ठीवर आपली अडचण लिहून नेतात, आशीर्वाद मागतात, आणि कित्येक घराण्यांत गादी बापाकडून मुलाकडे किंवा जावयाकडे जाते. अध्ययनातून येणारा अधिकार तेथे कोठे राहिला? ज्यांचे उदाहरण आपण दिले, ते होल्ट्झबर्गही खबाद या हसिदी पंथाचेच होते.

योहानाच्या शुभवर्तमानातसुद्धा 'रब्बी' शब्द आल्यावर लेखकाने ग्रीक वाचकासाठी लगेच 'म्हणजे गुरू' असा खुलासा केला आहे. जे त्याला चालले, ते आम्हाला का चालू नये? 'शास्त्री' म्हटल्यावर मराठी वाचकासमोर पगडी आणि उपरणे उभे राहते, ती दिशाभूल नाही काय?

निरुक्त

दोघांच्याही मांडणीत 'रब्बी' ही एकच अखंड वस्तू असल्याचे गृहीत आहे, आणि तेथेच गफलत होते.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेलेल्या हिल्लेल आणि शम्माय या सर्वांत मोठ्या पंडितांना कोणतीच पदवी नाही. पुढे 'रब्बी' आले, त्याहून वरचे 'रब्बान' आले, आणि मग अशी म्हण पडली की रब्बीहून रब्बान मोठा आणि रब्बानहून मोठे नुसते नाव. इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ संकलित करणाऱ्या यहूदा हानासी यांना मात्र नुसते 'रब्बी' म्हटले की पुरते, नाव घ्यावे लागत नाही. बाबिलोनियातील पंडितांना 'रब्बी' म्हणत नसत, 'रव' म्हणत. कारण 'रब्बी' होण्यासाठी गुरूकडून जो विधिवत अधिकार मिळावा लागे, त्याला 'समीखा' म्हणजे हस्तारोपण म्हणतात, आणि ती इस्राएलच्या भूमीतच देता येत असे. मोशेने यहोशवावर हात ठेवले तेथपासूनची मानलेली ही साखळी प्राचीन काळाच्या अखेरीस तुटली. १५३८ मध्ये गालीलातील सफेद या गावी याकोब बेराव यांनी ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जेरुसलेमच्या लेवी इब्न हबीब यांनी कडाडून विरोध केला आणि तो प्रयत्न फसला. आज जी समीखा दिली जाते, ती त्या मूळ अधिकाराची वारस नसून अध्ययनाचे प्रशस्तिपत्र आहे. 'योरे योरे' हे शब्द जुने असले, तरी ते आज ज्या कागदावर लिहिले जातात तो वेगळा आहे.

शिवाय स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील ज्यूंमध्ये अशा विद्वानाला 'हाखाम' म्हणण्याची चाल होती. हाखाम म्हणजे शहाणा. आपल्याकडचा 'हकीम' त्याच धातूचा. यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा बोलणाऱ्यांनी तर 'रेब' हा शब्द कोणाही गृहस्थाच्या नावामागे, आपण 'श्रीयुत' लावतो तसा, लावला. तेव्हा 'धर्मगुरू' चूक आणि 'शास्त्री' बरोबर असा निकाल न देता, प्रत्येक ठिकाणी कोणता रब्बी अभिप्रेत आहे ते पाहावे लागेल.

उपसंपादकांच्या दाखल्याबद्दल थोडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात 'तुम्ही आपणांस रब्बी म्हणवून घेऊ नका' असा येशूचा उपदेश आहे. म्हणजे गुरू म्हणवून घेण्याची हौस त्या काळीही टीकेचा विषय झाली होती.

पोथीवाचक

निरुक्त यांची दुरुस्ती मान्य. परंतु रेबेच्या उदाहरणावरून सगळ्या रब्बींना धर्मगुरू ठरवणे म्हणजे एका मठावरून सर्व शिक्षकांना महंत म्हणण्यासारखे आहे.

पगाराचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. तोरा म्हणजे मोशेचे धर्मशास्त्र, तिची खणण्याची कुदळ करू नये, असे मिश्नेत वचन आहे. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री मैमोनिदेस यांनी त्याचा अर्थ इतका कडक लावला की, विद्येवर पोट भरणारा माणूस ईश्वराच्या नावाला कमीपणा आणतो, असे त्यांनी लिहिले. त्यांचा भाऊ दाविद रत्नांचा व्यापार करून घर चालवत असे. तो हिंदी महासागरात बुडाल्यावर मैमोनिदेस वैद्यकीवर जगले, पण विद्येचे मोल घेतले नाही. पुढे समाजाने पगार देण्यासाठी पळवाट काढली, तीही पाहण्यासारखी आहे : हे शिकवण्याचे दाम नसून, त्या वेळात दुसरा धंदा करता आला नाही याची भरपाई आहे. गुरुदक्षिणेबद्दल इतका संकोच बाळगणारी परंपरा आपल्या 'धर्मगुरू' या शब्दात कशी मावणार?

अष्टागर

मी अलिबागकडच्या बेने इस्राएल घरातला आहे. आतापर्यंतची चर्चा वाचताना वाटले की ज्यांची मातृभाषा मराठी आहे अशा ज्यूंना हा शब्द कसा भेटला, हे कोणी विचारलेच नाही.

आमच्याकडे रब्बी नव्हता. नौगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचे गलबत फुटले अशी कथा आहे. ग्रंथ गेले, हिब्रू गेली, राहिले ते शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा इस्राएल' हे एक वचन. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणे. मग दाविद राहाबी नावाचा परका विद्वान आला. त्याने बायकांपुढे मासे ठेवले, आणि त्यांनी पंख-खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली, असे आमचे वडीलधारे सांगत. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून तयार केले. त्यांना पदवी कोणती मिळाली? 'काजी'. शेजारच्या समाजाचा शब्द आम्ही घेतला, कारण कामही तेच होते : गावोगाव फिरून लग्ने लावणे आणि तंटे सोडवणे. पुढे हे काजीपण वंशपरंपरेने चालले. गावात मुकादम, चौगुला, गब्बाई (खजिनदार), शमाश (प्रार्थनालयाचा सेवक) आणि हजान असत. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनालय बांधले, तेव्हा आमच्या लोकांनी त्यालाही 'मशीद'च म्हटले.

हा काळ अडाणीपणाचा होता असे कोणी समजू नये. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हे सारे रब्बीशिवाय झाले.

तो शब्द खऱ्या अर्थाने आमच्या दारात आला तो इस्राएलला गेल्यावर. १९६१ मध्ये तेथील मुख्य रब्बीपीठाने आमच्याशी विवाह वैध असल्याचे मान्य केले, पण पुढच्याच वर्षी मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात सूचना निघाल्या की विवाह नोंदवण्यापूर्वी बेने इस्राएल व्यक्तीच्या आईच्या आणि आजीच्या पिढ्या जाता येईल तितक्या मागे तपासाव्यात. कारण असे दिले गेले की, या समाजात घटस्फोट आणि विधवाविवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री देणारे रब्बी नव्हते. आमच्यापाशी पदवीधर नव्हता, हाच आमच्या आयांवरचा संशय ठरला. १९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, तेव्हा कोठे संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला आणि त्या सूचनांतून आमचे नाव गेले.

ज्याच्या सहीवाचून लग्न होत नाही, त्याला 'शास्त्री' म्हणणे फार सौम्य वाटते, आणि 'गुरू' तर मी मुळीच म्हणणार नाही.

पोथीवाचक

आपल्या प्रतिसादाने मला थांबून विचार करावा लागला. तरीही एक गोष्ट नोंदवतो. रब्बीपीठाची शंका निष्ठुर होती, परंतु ती शास्त्र्याचीच शंका होती. विवाहाची वैधता, संततीचा दर्जा, घटस्फोटाच्या लेखाचा खरेपणा यांवर अडून बसणे हे गुरूचे नव्हे, कायदेपंडिताचे लक्षण आहे. १९६१ चा निर्णयही शास्त्रानेच दिला होता.

अष्टागर

शास्त्राने दिला आणि शास्त्रानेच मागे ओढला. बदलले ते शास्त्र नव्हते, खुर्चीवर येणारा दबाव बदलला होता. १९२१ मध्ये ब्रिटिशांच्या अमलाखाली स्थापन झालेले मुख्य रब्बीपीठ आज विवाह-घटस्फोटांपुरते सरकारी खाते आहे. म्हणून तेथील रब्बीला मराठीत 'अधिकारी' म्हणावे, अशी माझी अर्धी गमतीची, अर्धी गंभीर सूचना आहे.

वाचनवेल्हाळ

एवढ्या प्रतिसादांत 'गुरू', 'शास्त्री', 'पंडित' सगळे पुल्लिंगी चालले आहेत. १९३५ मध्ये जर्मनीत रेगिना योनास यांना रब्बी म्हणून मान्यता मिळाली. पुढे त्या ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. अमेरिकेत सॅली प्रीसँड १९७२ मध्ये रब्बी झाल्या. सनातनी गोटात मात्र शब्दावरूनच भांडण जुंपले : सारा हर्विट्झ यांना २००९ मध्ये 'महारात' अशी नवी पदवी दिली गेली, २०१० मध्ये ती बदलून 'रब्बा' केली, तेव्हा इतका गहजब झाला की ती पुन्हा कोणाला न देण्याचे कबूल करावे लागले. काम तेच राहिले, भीती एका प्रत्ययाची होती. शिवाय 'रब्बानित' हा शब्द पूर्वापार रब्बीच्या पत्नीला लावतात, जसे आपण 'मास्तरीणबाई' म्हणत असू, मग त्या शाळेत शिकवोत वा न शिकवोत. 'धर्मशास्त्री' लिहिणार असाल, तर योनास यांना काय लिहाल?

उपसंपादक

'रब्बी रेगिना योनास'. मराठीत विशेषनामापुढे आलेल्या पदवीला लिंग लावावे लागत नाही, 'डॉक्टर'ला लावत नाही तसे. हे लिहिताना लक्षात आले की मी धागालेखकांच्या पहिल्या सूचनेकडे सरकलो आहे, दुसरीकडे नव्हे.

पोथीवाचक

दुसरी सूचना मी मागे घेतो. 'शास्त्री' हा खुलासा मिश्ना आणि तिच्यावरील चर्चेचा ग्रंथ तालमूद यांच्या काळापुरता ठेवीन, हसिदी रेबेला 'गुरू' म्हणायला माझी हरकत नाही, आणि इस्राएलच्या रब्बीपीठाबद्दल लिहिताना त्याचा कायदेशीर अधिकार त्याच वाक्यात सांगेन. अष्टागर यांना एकच विचारतो : आपल्या घरी आज हा शब्द कसा वापरतात?

अष्टागर

इस्राएलमधील माझा चुलतभाऊ 'हाराव', म्हणजे 'ते रव', म्हणतो. आई अजून 'ते शिकलेले' म्हणते, आणि हजानला नावाने हाक मारते.