ऑपेरातील तंत्रज्ञान: साथ की सक्ती?

प्रश्न: नवश्रोता

मुंबईच्या एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर पाहता पाहता मला या कलाप्रकाराची गोडी लागली. दिग्दर्शक रोबेर लपाज यांनी २०१० ते २०१२ या काळात तेथे बसवलेल्या, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेचे चित्रमुद्रण अलीकडेच पाहिले. चोवीस फळ्यांचे, सुमारे ४५ टन वजनाचे ते फिरते नेपथ्य कधी नदीचा तळ होते, कधी डोंगर, तर कधी घोडे. मी थक्क झालो. मात्र दुसऱ्या दिवशी आठवू लागलो तेव्हा फळ्याच आठवल्या, गाणे आठवेना. दोष माझ्या कानांचा की त्या यंत्राचा?

प्रतिसाद: रंगपीठ

रंगमंचावर यंत्र असणे हाच दोष मानू नये. जर्मनीतील बायरॉइट येथे, वाग्नरने स्वतः उभारलेल्या नाट्यगृहात, १८७६ मध्ये ‘रिंग’ प्रथमच संपूर्ण सादर झाले, तेव्हाही ऱ्हाइनकन्या (ऱ्हाइन नदीतील जलकन्या) पोहताना दिसाव्यात म्हणून गायिकांना चाकांच्या उंच गाड्यांवर बसवून त्या गाड्या खालून ढकलल्या जात होत्या आणि दृश्यबदल झाकण्यासाठी वाफ सोडली जात होती. आपल्याकडे ट्रिकसीन पाहिलेल्या पिढीला हे मुळीच परके वाटले नसते.

लपाज यांच्या यंत्राची अडचण वेगळी होती. २७ सप्टेंबर २०१० रोजी, म्हणजे पहिल्याच रात्री, ‘दास ऱ्हाइनगोल्ड’ या मालिकेतील पहिल्या ऑपेराच्या शेवटी फळ्यांचा इंद्रधनुषी पूल जुळलाच नाही आणि देवांचे वालहाला या त्यांच्या महालाकडे प्रस्थान राहून गेले. फळ्यांची करकर ऐकू येते, ही तक्रारही समीक्षकांनी केली. त्याच प्रयोगात ऱ्हाइनकन्यांभोवतीचे बुडबुडे मात्र त्यांच्या आवाजाला प्रतिसाद देत उमटत होते. ते मला अजिबात खटकले नाहीत.

प्रतिसाद: विलंबित

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या बुडबुड्यांतच आहे. चांगला तबलजी गायकाची लय सांभाळतो. स्वतःची लय त्याच्यावर लादत नाही. आधीच चित्रित करून ठेवलेली फीत तसे करू शकत नाही, कारण तिची लांबी ठरलेली असते आणि वाद्यवृंदाच्या संचालकाची लय मात्र ठरलेली नसते. बायरॉइटमध्ये तोस्कानिनी यांनी १९३१ मध्ये संचालन केलेला वाग्नरचा ‘पार्सिफाल’ हा ऑपेरा आणि पिएर बुलेझ यांनी १९७० मध्ये केलेला ‘पार्सिफाल’ यांच्या कालावधीत सुमारे एका तासाचा फरक आहे, तोही एकाच स्वरलेखाबरहुकूम! अशा संगीतावर ठरावीक लांबीची चित्रफीत बसवायची तर एक तर लय गोठवावी लागते किंवा प्रत्येक संकेतावर चित्र पुढे सरकवणारा माणूस बसवावा लागतो.

संगीतकार स्टीव्ह राइख आणि चित्रफीत-कलाकार बेरिल कोरो यांच्या ‘द केव्ह’ची (१९९३) गोष्ट निराळी आहे. तेथे पडद्यावर दिसणाऱ्या चित्रित मुलाखतींतील बोलण्याच्या चढउतारांतूनच संगीताचे स्वर घेतलेले आहेत, त्यामुळे वादकांनी चित्रफितीच्या मागे जाणे ही त्या रचनेचीच अट आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला संगीतकार टॉड मॅकोव्हर यांचा ‘डेथ अँड द पॉवर्स’ (मॉन्टे कार्लो, २०१०) येतो. त्यातील धनाढ्य नायक मरणापूर्वी स्वतःला यंत्रव्यवस्थेत उतरवतो आणि तेथून पुढे गायक बहुतेक वेळ रंगमंचावर दिसत नाही. तो आडून गात राहतो आणि त्याचा श्वास, हालचाल व आवाज टिपणाऱ्या संवेदकांच्या आधारे नेपथ्य आणि प्रकाश हलतात. माणूस नजरेआड असूनही लय त्याच्याच हाती राहते.

प्रतिसाद: मागची रांग

विलंबित यांचे म्हणणे पटते, तरी एक मुद्दा सुटतो: तंत्रज्ञान गायकाला सांभाळेलही, पण प्रेक्षकांचे काय? बायरॉइटने २०२३ मध्ये दिग्दर्शक जे शाइब यांच्या ‘पार्सिफाल’साठी आभासी दृश्ये दाखवणारे जे चष्मे आणले, ते मिळाले ३३० जणांना, प्रेक्षागृहात आसने जवळजवळ दोन हजार. एकाच प्रयोगाचे दोन प्रयोग झाले. ज्या वाग्नरने प्रेक्षकांची नजर विचलित होऊ नये म्हणून वाद्यवृंद खड्ड्यात झाकला, त्याच्याच वास्तूत प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर तरंगत्या वस्तू आणाव्यात, याचे मला हसू येते.

प्रतिसाद: नवश्रोता

आभार. मग माइकचे काय? ऑपेरात तो वर्ज्यच असतो ना?

प्रतिसाद: विलंबित

परंपरेने वर्ज्यच. प्रशिक्षित गायकाच्या आवाजाची ऊर्जा सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते, जेथे वाद्यवृंद तुलनेने क्षीण असतो, म्हणूनच तो माइकविना ऐकू येतो. संगीतकार जॉन ॲडम्स यांनी ‘निक्सन इन चायना’ या ऑपेरापासून (१९८७) ध्वनिवर्धन उघडपणे स्वीकारले, पण तो आजही अपवादच आहे. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपण जे ‘रिंग’ पाहिले, त्यात गायकाचा आवाज माइकने टिपून, ध्वनिमुद्रकाने त्याचा तोल साधून आपल्यापर्यंत आला होता, आणि कॅमेरा केव्हा फळ्यांवर आणि केव्हा चेहऱ्यावर रोखायचा, हेही दुसऱ्याच कोणीतरी ठरवले होते. पुन्हा एकदा पडदा बंद ठेवून, फक्त ध्वनी ऐकून पाहा आणि काय आठवते ते येथे जरूर कळवा.