जमशेटजी टाटांची नागपूरची गिरणी आणि त्यांचं दान: नेमकं कसं चालायचं?

कापूसवेचा

जमशेटजींवर शाळेच्या प्रदर्शनासाठी चार फलक करायचे आहेत. हाताशी असलेल्या पुस्तकांत 'द्रष्टे', 'दानशूर' यापलीकडे फार काही सापडत नाही. मुलांना यंत्र दाखवायचंय, आकडे दाखवायचेत. तीन गोष्टी हव्यात: मुंबई सोडून गिरणी नागपूरला का काढली? रिंग साचा म्हणजे काय आणि त्याने एवढा काय फरक पडला? आणि त्यांची शिष्यवृत्ती ही देणगी होती की कर्ज?

जुना_खातेदार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालवाहतुकीत आहे. वर्धा-वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला जायचा, तिथे सूत आणि कापड व्हायचं आणि तेच परत इकडे विकायला यायचं. भाडं दोनदा. त्यात रुईतली माती, पाला, तुटके तंतू असा बराच भाग सफाईत आणि पिंजणात निघून जातो, म्हणजे कचऱ्याचंही भाडं भरायचं. नागपूरला रुई दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ, मुंबईची रेल्वे 1867 मध्येच आलेली, आणि सूत विकत घेणारे कोष्टी-हलबा विणकर गावातच.

कंपनी 1874 ची, भांडवल 15 लाख. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची, म्हणून आधी भराव घालावा लागला. तो पाहून एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, की हा माणूस खड्ड्यात सोनं पुरतोय. पुढे त्यानेच चूक कबूल केली.

1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव 'एम्प्रेस'. सुरुवातीला 15,552 थ्रॉसल चात्या, 14,400 म्यूल चात्या, 450 माग. (चाती म्हणजे सुताला पीळ देणारा फिरता दांडा; थ्रॉसल आणि म्यूल हे कताई यंत्रांचे तेव्हाचे दोन प्रकार.) एक गोष्ट फलकावर जरूर घ्या: पहिली यंत्रं स्वस्तातली घेतली होती आणि सूत हलकं निघालं. जमशेटजींनी ती चूक रेटत न नेता यंत्रं बदलली. मला त्यांच्या चरित्रातली ही सगळ्यात शिकण्यासारखी जागा वाटते.

चातीवाला

रिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण याच्याशिवाय एम्प्रेस समजत नाही.

म्यूलमध्ये चात्यांची गाडी साधारण पाच फूट बाहेर येते. येताना धागा ओढला जातो आणि पीळ बसतो. मग गाडी परत जाते आणि तेवढा धागा गुंडाळला जातो. म्हणजे गुंडाळताना कातणं बंद. शिवाय गाडी सांभाळायला कसलेला माणूस लागतो.

रिंग साच्यात दोन्ही कामं एकदम होतात. चातीभोवती पोलादी कडं असतं, तीच रिंग. तिच्यावर नखाएवढी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकवलेली तार पळते, तिला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा रुळांतून (रोलरमधून) खाली येतो, ट्रॅव्हलरमधून जातो आणि चातीवरच्या बॉबिनवर, म्हणजे रिळावर, गुंडाळला जातो. चाती फिरली की धागा ट्रॅव्हलरला ओढतो, पण घर्षणामुळे तो चातीपेक्षा थोडा मागे राहतो. ट्रॅव्हलरच्या फेऱ्यांनी पीळ बसतो, आणि तो जेवढा मागे राहतो तेवढा धागा गुंडाळला जातो. फलकावर एवढं एकच चित्र मोठं काढा.

हिशेब असा. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी. 20 नंबर म्हणजे पौंडाला 16,800 वार. या सुताला इंचाला अंदाजे 18 पीळ धरा. चाती मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तर सूत निघेल 333 इंच. 9,000 घेतले तर 500 इंच, म्हणजे जवळजवळ 42 फूट. पीळ कमी करता येत नाही, सूत कच्चं पडतं. म्हणून सगळा फायदा वेगात. जमशेटजींनी 1880 च्या दशकात, इंग्लंडच्या लँकेशायरमधले कापड-जाणकार रिंगला नाकं मुरडत होते तेव्हा, ती नागपुरात चालवून पाहिली आणि मग वाढवली.

बिघडतं कुठे? ट्रॅव्हलर जड असेल तर ताण वाढून धागा तुटतो. हलका असेल तर फिरणाऱ्या धाग्याचा फुगा मोठा होऊन शेजारच्या धाग्याला लागतो. झिजलेला ट्रॅव्हलर धागा खरवडतो. नंबर बदलला की ट्रॅव्हलरही बदलावाच लागतो.

आणि नागपूरचा उन्हाळा! कोरड्या हवेत तंतूंवर वीज साठते, ते एकमेकांना दूर लोटतात, कापूस उडतो, धागे पटापट तुटतात. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यामुळे जास्तच. म्हणून एम्प्रेसमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, शिवाय आगीसाठी छताला पाण्याचे फवारे. ओल जास्त झाली तर मात्र कापूस रुळांना चिकटून गुंडाळला जातो, तेव्हा प्रमाण राखावं लागतं.

पानोपानी

त्याच दमट हवेचा फायदा कामगारालाही होता, पण तिथेच न थांबता पुढचंही लिहा. निवृत्तिवेतनाचा निधी 1886 मध्ये, अपघाताची भरपाई 1895 मध्ये. कामगार भरपाईचा कायदा देशात 1923 साली झाला, त्याच्या 28 वर्षं आधी. फलकावर ही दोन सालं शेजारी शेजारी मांडा.

शिष्यवृत्ती: 1892 ची. ती कर्जच होती, आणि मुद्दाम. परदेशी शिकायला पैसे द्यायचे, कमावता झाल्यावर परत घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. दान एकदाच खर्च होतं, हे पैसे फिरत राहतात. शिवाय घेणाऱ्याची मान खाली जात नाही. आधी ती फक्त पारशांसाठी होती, 1894 पासून सर्वांना खुली झाली. 'पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी' असं लिहू नका. सुरुवातीच्या निवडींत दोन स्त्री डॉक्टर आहेत, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. मुलींच्या शाळेत फलक लागणार असेल तर कृष्णाबाईंचं नाव ठळक हवं.

कापूसवेचा

खूप आभार. चौथ्या फलकावर 'जमशेटजींनी पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि वीज केंद्र सुरू केलं' असं लिहिलंय. चालेल ना?

जुना_खातेदार

नाही, बदला. ते 19 मे 1904 ला जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. तेव्हा यातलं एकही उभं नव्हतं.

पोलादाची सुरुवात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा 1882 चा अहवाल त्यांनी वाचला आणि वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला तपासायला पाठवला. त्याचा कोक (कोळसा भाजून मिळणारं कडक इंधन) होत नाही असं निघालं. कोक नाही तर लोखंड वितळवणारी झोतभट्टी नाही, म्हणून ते तिथेच अडलं. पोलाद कंपनी 1907 ची, साकचीत (आजच्या जमशेदपुरात) पोलाद निघालं 1912 ला.

विज्ञान संस्थेसाठी त्यांनी 1898 मध्ये सुमारे 30 लाखांची मालमत्ता देऊ केली, ज्यातून भाड्याचं उत्पन्न येत राहील अशी. व्हाइसरॉय कर्झन साहेबांची शंका होती की विद्यार्थी कुठून येणार आणि शिकून नोकऱ्या कुठे मिळणार. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला 371 एकर जमीन दिली, सरकारी मंजुरी 1909 ला आली, वर्ग 1911 ला भरले. खोपोलीची वीज 1915 ची.

'आखणी केली, पैसा बाजूला काढला, पुढच्या पिढीने उभारलं' असं लिहा. त्यांच्या हयातीत उघडलेलं काही हवंच असेल तर मुंबईचं ताजमहाल हॉटेल आहे, 16 डिसेंबर 1903.