संग्रहालयात रविवारी जादूचे प्रयोग हवेत की मोडीचे वर्ग?

नौपाडाकर
आपल्या भागातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयाने रविवारच्या कार्यक्रमांची यादी लावली आहे आणि विश्वस्तांनी सूचना मागवल्या आहेत. यादीत जादूचे प्रयोग, केक सजावट, मेंदी, वारली चित्रं, दिवाळीत किल्ला बांधणी आणि जुन्या मोडी लिपीचा एक वर्ग आहे.

माझं म्हणणं एवढंच की जो कार्यक्रम दालनातल्या एखाद्या वस्तूपासून सुरू होत नाही, तो तिथे घेऊ नये. जादूच्या प्रयोगाला ठाण्यात हॉल मिळतात. गधेगाळ हा कोरीव दानलेखाचा दगड मात्र हॉलमध्ये मिळत नाही. त्या दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारं शिल्प असतं. वाचता न येणाऱ्यालाही राजाज्ञा कळावी अशी ती सोय होती. सातवी-आठवीतल्या मुलांना तो दगड नीट उलगडून दाखवला तर इथे राज्य केलेल्या शिलाहार राजांचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

अरिकेसरी या शिलाहार राजाचा ताम्रपट घ्या. शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ चा. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खणताना तो सापडला. तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, तिथे मुलांना सहज नेता येत नाही. मग ताम्रपटाची प्रतिकृती समोर ठेवून दोन तास बसायचं ते कुठे?

घोडबंदरची आई
दादा, तळमळ पटते, नियम पटत नाही. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मुलांचा रविवार मॉलमध्ये जातो, कारण तिथे एसी आहे, स्वच्छतागृह आहे आणि आजी-आजोबांना बसायला जागा आहे. संग्रहालयाच्या दारात ही मुलं एकदा तरी यायला हवीत. जादू बघायला आलेलं पोर मधल्या वेळेत दालनात फिरतं, तलवारीपाशी थांबतं, प्रश्न विचारतं. तुमच्या गधेगाळाच्या कार्यक्रमाला ज्यांच्या घरात आधीच इतिहासाची पुस्तकं आहेत तेच येतील. मग ते संग्रहालय सगळ्या गावाचं कसं?

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून उभं आहे. शेजारी राणीची बाग असल्यामुळे प्राणी बघायला आलेली कितीतरी कुटुंबं तिथे शिरतात. त्यात वाईट काय?

कळव्याचा शिक्षक
दोघांनीही रविवार धरला आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील रविवारी कामावर असतात. ही मुलं संग्रहालय बघतात ती शाळेच्या सहलीतच. त्या सहलीत काय होतं ते मी दरवर्षी बघतो. मुलांची रांग, पुढे सर, मागे मॅडम, "हात लावू नका, पुढे चला", वीस मिनिटांत बाहेर आणि मग वडापाव. शैक्षणिक कार्यक्रम म्हणून याचीच नोंद होते.

मला जादूही नको आणि दोन तासांचं व्याख्यानही नको. दहा-दहा मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच वस्तू द्या. कशाची केली असेल? कुठे झिजली आहे? कुणाच्या हातात असेल? एवढे तीन प्रश्न पुरतात. आणि जी शाळा बसचा खर्च करू शकत नाही तिच्याकडे संग्रहालयानेच जावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून असंच काम करते आहे. आपल्याला बस परवडणार नाही, पण प्रतिकृतींची एक पेटी आणि रिक्षाभाडं परवडेल.

दिवाळे, बेलापूर
खाडीपलीकडून लिहितोय. नौपाडाकर, वस्तूपासून सुरुवात करा म्हणता, पण वस्तू कुणाची आणि बोलणार कोण, हे तुमच्या नियमात नाही. अशाच एका कार्यक्रमाला आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांना बोलावलं होतं. लुगडी नेसून नाच करायला आणि मासे तळायला. दालनात पाग आणि डोल टांगले होते, खाली नुसतं "मासेमारीची जाळी" लिहिलेलं. पाग एकटा माणूस फेकतो आणि डोल ओहोटी-भरतीच्या ओढीवर बांधतात, एवढं तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या काकीला कुणी विचारलंही नाही. ती जेवणाच्या स्टॉलवर होती.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये आलं, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात जमिनीच्या आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना मिळाली. ज्यांनी हे पाहिलं ती माणसं अजून आमच्या ओट्यांवर बसलेली आहेत. त्यांना वक्ता म्हणून बोलवा, मानधन द्या, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून जपा. दगड थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत.

नौपाडाकर
हे माझ्या नियमात बसतं, उलट तो नियम यामुळे पुरा होतो. जाळ्यापासूनच सुरुवात करा आणि काकींना बोलू द्या. घोडबंदरच्या ताई, स्वच्छतागृह आणि बसायच्या जागेबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण दोन्ही गोष्टी जादूगाराशिवाय होतात.

जुने कागद
कुणीच पैशांचं बोलत नाही म्हणून लिहितो. अशा संग्रहालयात माणसं मोजकी असतात. तीच माणसं रविवारी खुर्च्या लावणार असतील तर वस्तूंची नोंदवही कोण पुरी करणार? खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यात कागदाला येणारी बुरशी, लाकडातली वाळवी, यांना कार्यक्रमांचं वेळापत्रक कळत नाही. ज्या वस्तूची नोंद नाही ती उद्या हरवली तर तक्रारही करता येणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ष सगळे कार्यक्रम थांबवा आणि यादी करा.

फक्त मोडी वर्गाला माझा पाठिंबा आहे. मात्र बाराखडी गिरवून प्रमाणपत्र वाटण्यापुरता तो नसावा. शिकून तयार झालेल्यांनी पुढे संग्रहालयातल्या रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेले जुने कागद वाचावेत, तारीख, गाव, विषय एवढं टिपून द्यावं. मूळ कागद हाताळायला न देता फोटोंवरूनही हे होतं.

घोडबंदरची आई
एक वर्ष दार बंद? काका, नोंदवही पुरी होईल, पण ती बघायला येणारं कुणी उरणार नाही. आज जी मुलं दहा वर्षांची आहेत ती तोवर अकरावं ओलांडून क्लासला लागलेली असतील. मी हे मान्य करणार नाही.

त्यापेक्षा मास्तरांची पेटी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आणा. गर्दी जमवायची जबाबदारी मी घेते. दिवाळ्याच्या काकींनाही विचारा, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन सोसायटी देईल का हे मी कमिटीच्या बैठकीत मांडते. जादूचा प्रयोग मात्र यादीतून काढू नका, निदान मे महिन्यात तरी. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आहे, शाळांना सुट्टी असते आणि त्या दिवशी दार भरलेलं दिसायला हवं.

कळव्याचा शिक्षक
मे महिन्यात आमची अर्धी मुलं गावाला असतात. पेटी जूनमध्ये काढा. पहिल्या पेटीत काय ठेवायचं ते इथेच सुचवा, मी विश्वस्तांकडे घेऊन जातो.